काचेच्या तळ्यावरचा दिवा

आजचा विषय अगदी घरगुती आहे. माजिवड्यासारख्या वस्तीत, नाक्यावरचा उड्डाणपूल खिडकीतून दिसतो अशा एखाद्या दिवाणखान्यात, काचेची मोठी टाकी असते. आत मासे, थोडी झाडं, तळाशी वाळू. आणि वर एक दिवा असतो. तो दुकानातून खोक्यात आलेला नसतो, घरीच जुळवलेला असतो. त्या दिव्याचा इतिहास आज सांगायचा आहे.

‘आम्ही’ म्हणतो तेव्हा त्यात आमचे दोन शेजारी धरलेले आहेत. एक काका वागळे इस्टेटीत लेथवर उभं आयुष्य काढून निवृत्त झाले. दुसऱ्या बाई वीज मंडळात होत्या. तिसरे आम्ही, तत्त्वज्ञान शिकवलेले, म्हणजे पाना हातात धरायला निरुपयोगी. आम्हा तिघांच्या मध्ये एक टाकी आहे. सहा फूट लांब, दोन रुंद, दोन उंच. चोवीस घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण ६८० लिटर. काठोकाठ कोणी भरत नाही आणि तळाला वाळूही असते, म्हणून ६०० लिटर धरून चालू. एवढ्या पाण्यावर उजेड कसा पाडायचा, कमी पैशांत कसा पाडायचा, हा आमच्या पुढ्यातला प्रश्न होता. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न निघाला, आणि तो आमच्या विषयातला होता. हा दिवा कोणासाठी?

कोकणपट्टीत रात्री बत्ती घेऊन चिंबोऱ्या पकडायला जातात. तिथे बत्ती कोणासाठी हे विचारावं लागत नाही. ती पकडणाऱ्यासाठी. टाकीवरच्या दिव्याचं उत्तर इतकं सरळ नाही. ते कसं गुंतत गेलं, हे पाहायला जरा मागे जाऊ.

इंजेनहाउस नावाचा एक डच वैद्य होता. १७७९ च्या उन्हाळ्यात लंडनजवळच्या एका घरात बसून त्याने पाचशेच्या वर प्रयोग केले. प्रयोग साधा. हिरवी पानं पाण्यात बुडवायची, भांडं उन्हात ठेवायचं. पानांवर बुडबुडे धरतात. भांडं अंधारात नेलं की बुडबुडे थांबतात. वनस्पती हवा शुद्ध करते हे प्रीस्टलीने आधी दाखवलं होतं. पण ते काम उजेडाचं आहे, आणि रात्री तीच वनस्पती हवा बिघडवते, हे इंजेनहाउसने दाखवलं. रात्रीची ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ठाण्यातल्या भारनियमनात ती आपल्याला भेटणार आहे.

त्यानंतर सत्तर वर्षांनी, १८५० साली, लंडनमधल्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने आपला अनुभव छापला. काचेच्या भांड्यात मासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या तर पाणी न बदलता ते पुष्कळ दिवस टिकतं. माशाचा श्वास झाड वापरतं, झाडाचा मासा, आणि कुजकी पानं गोगलगाय खाते. मत्स्यालयाची कल्पना इथे उभी राहिली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली गाडी आपल्या ठाण्यात पोचली. त्याच्या पुढच्याच महिन्यात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ लोकांना खुलं झालं. या दोन घटनांचा संबंध काही नाही. पण काळ कोणता, हे ठाणेकराच्या मनात बसायला ही खूण बरी. १८५४ साली गॉसचं पुस्तक आलं आणि ‘अ‍ॅक्वेरियम’ हा शब्द घरोघर गेला.

मग घरोघर खिडक्यांत टाक्या आल्या, आणि पहिला घोटाळा झाला. पाणी हिरवं झालं. काचेवर शेवाळ धरलं. आत मासा आहे की नाही ते दिसेना. कारण काय? तळ्याला उजेड फक्त वरून मिळतो. त्याच्या बाजूला माती असते, काठ असतो. काचेची टाकी म्हणजे ज्याच्या बरगड्याही उजेडात आल्या आहेत असं तळं. वॉरिंग्टननेच पुढे मागची बाजू तिरपी आणि अपारदर्शक केलेली टाकी वापरली; उजेड वरूनच यावा ही त्यामागची युक्ती. आजही कोणी आम्हाला विचारतं, टाकी खिडकीपाशी ठेवू का, उजेड फुकट मिळेल. आम्ही सांगतो, फुकटचा उजेड काचा घासून घासून फेडावा लागेल. आणि माजिवड्यात पश्चिमेच्या खिडकीतून एप्रिलमध्ये जे ऊन आत येतं ते पाणीही तापवतं.

थोडक्यात, विजेचा दिवा यायच्या आधीच दोन गोष्टी कळलेल्या होत्या. उजेड वरून हवा, आणि तो किती व किती वेळ हे आपल्या हातात हवं. दुसरी गोष्ट सूर्याकडून होणार नव्हती.

आता मुंबई. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झालं, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते. आमच्या पिढीतल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मुलांची तिथे शाळेची सहल जायचीच. आठवून बघा, तिथे लक्षात काय राहिलं? अंधारी वाट आणि भिंतीत उजळलेल्या चौकटी. प्रेक्षक काळोखात, मासा प्रकाशात. नाट्यगृहात असते तशीच ही रचना आहे. ती रचना सहलीहून परतताना आमच्या डोक्यात बसून घरी आली. मध्यमवर्गीय घरात टाकी घ्यायची म्हणजे पाहुणे आल्यावर ट्यूब मालवून टाकीचा दिवा लावायचा, हे कोणी शिकवलं नव्हतं. दिवा बघणाऱ्यासाठी, हे उत्तर आम्ही न विचारता घेतलेलं होतं.

घर मुंबईच्या बाहेर, आणि खिसा त्याहून बाहेर! १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची सुरुवातीची वसाहत. घरी टाकी करणाऱ्यांच्या दृष्टीने ही घटना महत्त्वाची आहे असं आमचं मत आहे, आणि ते कुठल्या ग्रंथात सापडणार नाही. कारण त्यानंतर ठाण्याच्या चाळींत आणि कॉलन्यांत फिटर, टर्नर, वेल्डर, वायरमन राहायला आले. टाकी त्या वेळी लोखंडी अँगलची असे. चौकट वेल्ड करायची, काच पुटीनने बसवायची. अँगल कुठून यायचा ते आम्ही विचारत नसू. वर पत्र्याची पेटी, रॉकेलचा किंवा तेलाचा डबा उभा चिरून, आतून पांढरा रंग मारून, त्यात एक ४० वॅटचा पिवळा बल्ब. झाला दिवा.

त्या बल्बमध्ये विजेचा जेमतेम विसावा भाग डोळ्याला दिसणारा उजेड होई, बाकी सगळी उष्णता. टाकीच्या वरच्या थरातलं पाणी तापे. उन्हाळ्यात मासे खाली जाऊन बसत. डिसेंबरात मात्र हीच उष्णता उपयोगी पडे; काका सांगतात, त्यांच्याकडे हीटर असा कधी नव्हताच, थंडी पडली की साठचा बल्ब लावायचा. आता याला काय म्हणायचं, दिवा की चूल?

मग ट्यूबलाइट. परदेशात ती १९३८ पासून बाजारात होती. आपल्याकडच्या दिवाणखान्यात आणि तिथून टाकीवर यायला वेळ लागला. नळीत पाऱ्याची वाफ, तिच्यातून वीज गेली की डोळ्याला न दिसणारे अतिनील किरण निघतात, आणि नळीच्या आतल्या पांढऱ्या भुकटीवर पडून त्यांचा उजेड होतो. तेवढ्याच विजेत बल्बच्या कितीतरी पट. पण ट्यूबबरोबर पट्टी आली, चोक आला, स्टार्टर आला. तांब्याचा चोक स्वतःच दहा-बारा वॅट खाई आणि तापून गुणगुणे. जाणता माणूस चोक पाण्यापासून लांब, भिंतीवर बसवायचा आणि फक्त दोन टोकांच्या वायरी टाकीवर आणायचा. अजाण माणूस अख्खी पट्टीच टाकीवर आडवी ठेवायचा. त्या पट्टीच्या पत्र्याला गंज चढे, हात लागला की मुंग्या येत, आणि घरातलं कोणीतरी म्हणे, जरा करंट येतो, चप्पल घालून हात लाव.

इथे एक गंमत सांगतो. आपल्याकडे टाक्या दोन फुटी आणि चार फुटीच का असायच्या? माशांना दोनाचा पाढा येतो म्हणून नव्हे. ट्यूब दोन फुटी आणि चार फुटी मिळायची म्हणून. काचवाला काच हवी तशी कापून देत होता; तळ्याची लांबी दिव्याने ठरवली. पिढ्यान्‌पिढ्या आपण समजत होतो की टाकीसाठी दिवा आहे. बाजारात मात्र उलटं चाललेलं होतं. सहा फुटी टाकी करणारा माणूस या हिशेबात बसत नव्हता. दोन चार फुटी ट्यूब शेजारी-शेजारी सरकवून ठेवल्या तर मधले दोन फूट दुप्पट उजळ, टोकं मंद. तीन दोन फुटी लावल्या तर तीन चोक, तीन स्टार्टर, आणि तिघांपैकी एक नेहमी फडफडणारी. मोठ्या टाकीवरचा दिवा म्हणूनच मुळात घरी करायची गोष्ट होती. हौस आणि काटकसर या पुढच्या गोष्टी. आधी तयार मापात तो बसतच नव्हता.

आता जरा आमच्या प्रांतात येऊ. दिव्याच्या खोक्यावर ‘ल्युमेन’ लिहिलेले असतात. हे माप उजेडाचं आहे असं आपण समजतो. ते अर्धसत्य आहे. ल्युमेन म्हणजे माणसाच्या डोळ्याने तोललेला उजेड. १९२४ साली आंतरराष्ट्रीय पातळीवर एक सरासरी डोळा ठरवण्यात आला. त्या डोळ्याला हिरवट-पिवळा रंग सगळ्यात उजळ दिसतो, ५५५ नॅनोमीटरच्या आसपासचा; तांबडा आणि निळा त्याला मंद वाटतात. ज्या रंगाला डोळा जास्त मान देतो त्याचे ल्युमेन जास्त. म्हणजे द्रष्टा मापातच बसलेला आहे! आपल्या नैयायिकांनी डोळ्याला तैजस इंद्रिय म्हटलं, तो किरणांनी वस्तूपर्यंत जाऊन पोचतो असं मानलं. भौतिकशास्त्राने ते नाकारलं आणि योग्यच केलं. पण उजेड मोजायची वेळ आली तेव्हा डोळ्याला बाहेर ठेवणं भौतिकशास्त्रालाही जमलं नाही.

झाडाला मात्र डोळा नाही. १८८२ साली एंगेलमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सुंदर प्रयोग केला. पाण्यातल्या शेवाळाच्या एका तंतूवर त्याने सूक्ष्मदर्शकाखाली इंद्रधनुष्य पाडलं, म्हणजे एका टोकाला तांबडा, दुसऱ्या टोकाला निळा-जांभळा. पाण्यात प्राणवायूकडे धावणारे जिवाणू सोडले. ते कुठे गोळा झाले? तांबड्यापाशी आणि निळ्यापाशी. मधे, हिरव्यात, तुरळक. ज्या रंगाला आपला डोळा सिंहासनावर बसवतो तिथे झाडाच्या पंक्तीत गर्दी कमी. हिरवा अगदीच वाया जात नाही, जाड पानात तो खोलवर पोचून उपयोगी पडतो असं पुढच्या संशोधनाने दाखवलं. तरी मुद्दा उरतोच. जो दिवा आपल्याला लख्ख वाटतो तो झाडाला लख्ख असेलच असं नाही. मोबाइलमधलं उजेड मोजण्याचं अ‍ॅपही आपलाच डोळा आहे. ते टाकीवर धरून झाडाची भूक मोजू नये.

तर बघणारा आणि झाड, असे दोन दावेदार झाले. तिसरा अजून गप्प आहे.

२००५ साली वीज मंडळाची विभागणी होऊन महावितरण झालं. मंडळ १९६० चं. बाईंनी तिथे उमेदीची वर्षं काढली, त्या अजूनही ‘आमचं बोर्ड’ म्हणतात. त्याच सुमाराची ती भारनियमनाची वर्षं. मुंबई शहरात दिवे चालू, आणि खाडीच्या अलीकडे, ठाणे जिल्ह्यात, वेळापत्रकाप्रमाणे अंधार. कल्याण-डोंबिवलीकरांना ते वेगळं सांगायला नको. टाकीवाल्या घरात भारनियमन सुरू झालं की माणसं दिव्याची काळजी करायची. इन्व्हर्टरवर एक पंखा, एक ट्यूब, आणि जमलं तर टाकीचा दिवा; पाहुणे असले तर नक्कीच. पण तासा-दोन तासांत मासे वर येऊन तोंड उघडायला लागत. कारण पंप बंद. आणि इथे तो डच वैद्य आठवतो. अंधारात झाडंही प्राणवायू देत नाहीत, उलट घेतात. टाकी जितकी हिरवीगार, तितकी रात्रीची तूट मोठी. दिव्याविना मासा रात्र काढतो, पाण्याच्या हालचालीविना काढेलच असं नाही. ज्यांनी हे ओळखलं त्यांनी इन्व्हर्टरवरून दिवा काढला आणि हवेचा पंप जोडला. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नव्हता त्यांच्या घरात आजीबाई टोपाने पाणी काढून उंचावरून परत ओतत बसायच्या, टीव्ही नसल्यामुळे वेळही असायचा. आम्ही हे पाहिलेलं आहे. मासे वाचायचे.

भारनियमनाच्याच काळात सीएफएल आले. पट्टी नको, चोक बाहेर नको, बल्बच्या होल्डरमध्ये बसतो. सहा इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेल्या पन्हळीत सीएफएलची रांग, हा त्या वेळचा लोकप्रिय दिवा. घोडबंदर रस्त्याला दोन्ही बाजूंनी इमारती उठत होत्या, आणि प्रत्येक इमारतीच्या मागे पाइपाचे तुकडे, सरकत्या खिडक्यांच्या अ‍ॅल्युमिनियम चॅनेलचे तुकडे पडलेले असत. फॅब्रिकेटरला चहा पाजला की चार फुटांचा तुकडा मिळे. सीएफएल कारकीर्दीच्या मानाने अल्पायुषी ठरला, म्हणून त्यावर फार वेळ घालवत नाही. फुटला तर पारा, एवढं लक्षात ठेवायचं.

एलईडीची कथा मात्र थोडी सांगायला हवी. तांबडा एलईडी १९६२ चा, होलोनियाक या अमेरिकन शास्त्रज्ञाचा. पुढची तीस वर्षं निळा जमेना, आणि निळा नाही तर पांढरा नाही. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या जपानी शास्त्रज्ञांनी उजळ निळा एलईडी केला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. मत्स्यालयाच्या जगात ‘अमानो’ म्हटलं की लोक दुसऱ्याच अमानोला नमस्कार करतात. तो ताकाशी अमानो, छायाचित्रकार, टाकीत हिरवी कुरणं आणि दऱ्या उभ्या करणारा, २०१५ मध्ये वारला. हिरोशी अमानो दिव्याचा, ताकाशी अमानो टाकीचा. एकाने भूक लावली, दुसऱ्याने ती स्वस्तात भागवायची सोय केली, असं म्हणायला हरकत नाही.

स्वस्तात म्हणजे किती? ५ जानेवारी २०१५ ला ‘उजाला’ योजना सुरू झाली. २०१४ मध्ये सरकारी खरेदीत जो एलईडी बल्ब सुमारे ३१० रुपयांना पडत होता तो २०१६ पर्यंत चाळीस रुपयांच्या आत आला. घाऊक खरेदीची ही किमया. नऊ वॅटचा साधा पांढरा बल्ब किराणा दुकानातही मिळू लागला. आणि पांढरा एलईडी आतून असतो निळाच. त्याच्यावर पिवळी भुकटी असते. म्हणजे झाडाला लागणारा निळा त्यात आयता आहे, तांबडाही थोडा आहे. जाव्हा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया अशा अल्पसंतुष्ट झाडांना तो पुरतो. जांभळट प्रकाशाचे महाग दिवे झाड वाढवतात हे खरं, पण टाकी बघायला बसावंसं वाटत नाही.

आमचा दिवा आता सांगतो. सहा फुटी दोन अ‍ॅल्युमिनियम चॅनेल, प्रत्येकात पाच होल्डर, साधारण चौदा-चौदा इंचांवर. दहा बल्ब, नऊ-नऊ वॅटचे, पांढऱ्यातला ‘कूल डे लाइट’. बल्बला साधारण ९०० ल्युमेन धरले तर नऊ हजार. ६०० लिटरला लिटरमागे पंधरा. आताच ज्या मापाला नावं ठेवली तेच कसं वापरता, असं तुम्ही म्हणाल. एकाच जातीचे दिवे एकमेकांशी ताडून पाहायला ते चालतं. ऐपतीप्रमाणे वजनकाटा! बल्ब आडवे बसवले, वरची बाजू उघडी ठेवली. जुन्या बल्बची उष्णता पुढे, पाण्याकडे जायची. एलईडीची मागे, टोपीकडे जाते. त्याला डब्यात कोंडलं की तो वर्षाच्या आत मरतो. डबा चिरून झाकण करायची आमची जुनी सवय इथे मोडावी लागते.

दोन्ही रांगांना वेगळी बटणं, ही बाईंची सूचना, आणि ती मोलाची. दुपारी दोन्ही रांगा सहा तास. तो झाडाचा वाटा. संध्याकाळी पुढची एकच रांग तीन तास. तो आपला वाटा. भांडण दोन बटणांनी मिटलं. दिवसाला पाऊण युनिटाहून कमी, महिन्याला वीस. चार जुन्या ट्यूब चोकसकट आठ तास जाळल्या असत्या तर महिन्याला अठ्ठेचाळीस झाले असते. सामान सगळं मिळून तीन हजारांच्या आसपास. आणि त्यात मोठा वाटा दिव्यांचा नाही.

मोठा वाटा आरसीसीबीचा. इथे जरा थांबून ऐका, कारण स्वस्त दिव्याच्या गोष्टीत माणसं मरतात ती इथे. २३० व्होल्ट आणि ६०० लिटर पाणी यांच्यामध्ये तुम्ही काय ठेवता, हा खरा खर्च आहे. तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी असला तर गळका प्रवाह शरीरातून जायला लागताच क्षणार्धात वीज तुटते. अ‍ॅल्युमिनियम चॅनेलला अर्थिंग जोडलेलं हवं, नुसतं प्लगच्या तिसऱ्या पिनेवर विश्वासून नाही, भिंतीतल्या सॉकेटला अर्थ आहे का ते तपासून. दिवा आणि पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण. त्याच्यावर वाफेचे पांढरे डाग धरतात आणि उजेड खातात, म्हणून आठवड्याला पुसायचं. आणि वायर प्लगकडे जाताना आधी प्लगच्या खाली एक झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी ठिबकतं, सॉकेटात शिरत नाही. या झोळाला पैसा लागत नाही. लेथवाले काका म्हणतात, कारखान्यात गार्ड काढून मशीन चालवणारा माणूस हुशार समजला जायचा, बोट जाईपर्यंत. पैसे वाचवायचे ते पत्र्यात वाचवा, रंगात वाचवा, झाकणाच्या देखणेपणात वाचवा. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करायला तर काहीच पडत नाही. टाकीत हात घालणारं नेहमी घरातलं लहान मूल असतं किंवा कामाला येणाऱ्या बाई असतात. दिवा जोडणारा त्या वेळी बाहेर असतो.

आता तिसरा दावेदार, मासा.

माशाला पापणी नाही. आपण डोळे मिटून अंधार करून घेतो, त्याला ते करता येत नाही. काळोखात एकदम दहा बल्ब पेटवले तर मासे काचेवर धडकतात, हे ज्याच्या घरी टाकी आहे त्याने पाहिलेलं असतं. म्हणून आधी खोलीचा दिवा, पाच-दहा मिनिटांनी टाकीचा. निऑन टेट्राची ती झगझगीत निळी पट्टी रात्री फिकी पडते. मध्यरात्री उठून दिवा लावला की मासा आजारी दिसतो आणि लोक औषध ओततात. तो आजारी नसतो, त्याची रात्र चालू असते.

आणि आपण ती रात्र देतो का? चोवीस तास जळणारे दिवे आम्ही माजिवड्यात पाहिले आहेत, दुकानांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षालयांत. एलईडी स्वस्त झाला, वीज कमी खायला लागला, तशी मालवण्याची निकड गेली. साठच्या बल्बच्या काळात बिलाच्या भीतीने का होईना, माशाला अंधार मिळत होता. जुन्या गरिबीने मासा झोपत होता असं म्हणणं जरा जास्त होईल, पण अगदी खोटंही नाही. मासुंदा तलावाभोवती रोषणाई करतात, लोक फिरायला येतात, आम्हीही जातो. त्या पाण्याखाली कोणाला रात्र हवी असेल, हा विचार तलावपाळीवर भेळ खाताना कोणाच्या मनात येतो?

आपल्या दर्शनांत एक जुना वाद आहे. अंधार म्हणजे काय? वैशेषिक म्हणतात, अंधार ही वस्तूच नाही, तो नुसता तेजाचा अभाव. भाट्ट मीमांसक म्हणतात, नाही, तम हे द्रव्य आहे. त्याला काळा रंग आहे, ते हलताना दिसतं. वर्गात हा वाद शिकवताना आम्ही नेहमी वैशेषिकांच्या बाजूने कौल देत आलो, आणि भौतिकशास्त्राच्या बाजूने बघितलं तर आजही देऊ. पण टाकीची व्यवस्था लावताना मीमांसक बरा. ज्याने अंधाराला अभाव मानलं तो म्हणतो, दिवा बंद केला की आपोआप होईल, त्यात द्यायचं काय? ज्याने द्रव्य मानलं तो चारा मोजतो तसा अंधार मोजतो. माशाला दिवसाला चिमूटभर दाणे आणि निदान दहा-बारा तास काळोख. शहरात खिडकीबाहेर रस्त्यावरचे दिवे, मेट्रोच्या कामाचे दिवे, समोरच्या मनोऱ्याचे दिवे असतात. इथे अंधार आपोआप होतच नाही. तो करावा लागतो. आमच्या टाकीच्या मागच्या आणि एका बाजूच्या काचेला काळा कागद लावलेला आहे, वॉरिंग्टनने मागची बाजू झाकली त्याच कारणासाठी आणि शिवाय या कारणासाठी. टायमर तीनशे-चारशे रुपयांत मिळतो. सकाळी अकराच्या आधी पेटू नये, रात्री नऊनंतर जळू नये, असा आम्ही तो लावला आहे. मधल्या तासाभराची विश्रांती धरली तर हिशेब बरोबर बसतो. पाहुणे साडेनऊला आले तर त्यांना टाकी अंधारी दिसते. काही जण विचारतात, दिवा गेला का? आम्ही म्हणतो, नाही, मालवलाय.

चला, वेळ झाली. होल्डरची जोडणी आणि अर्थिंग प्रत्यक्ष पाहायचं असेल त्यांनी जरा मागे थांबा. बाईंनी चॅनेलचा दोन फुटी तुकडा आणि आरसीसीबी बरोबर आणला आहे. प्लग लावायच्या आधी त्या आरसीसीबीचं ‘टेस्ट’चं बटण दाबून दाखवतील, ते बघून घ्या. महिन्यातून एकदा दाबायचं असतं.